कोपरा

दुधाची पिशवी फोडायची एक पद्धत असते.
कोपरा दातात धरायचा, मान हिसडायची
आणि थू करून टाकायचा.
बावीस वर्षं मी असंच केलं,
मासळी बाजाराच्या तोंडाशी, चहाच्या गाड्यावर.
दिवसाला चाळीस पिशव्या, रविवारी साठ,
गटारीला शंभरच्या वर.
कोपऱ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.
नखाएवढा असतो तो. पांढरा, एका कडेला निळी रेघ.

परवा जैनबीनं हाक मारली.
बुधवार होता, मालवणची गाडी उशिरा आलेली,
घाटात धुकं होतं म्हणे.
मांडीएवढा कुपा तिच्या लाकडी ठोकळ्यावर आडवा,
डोळ्यांत अजून बर्फाचं पाणी.
पोट चिरून तिनं आतडं बाहेर ओढलं
आणि बोटाच्या टोकावर काहीतरी धरून म्हणाली,
"आगं हौसाक्का, हे तुझंच हाय न्हवं?"

मी हसले. मग हसू आलं तसं गेलं.
नखाएवढा. पांढरा. एका कडेला निळी रेघ.
आत आणखी सात होते,
बाटलीच्या बुचाची कड, जाळ्याचा हिरवा धागा,
आणि खाल्लं म्हणावं असं काहीच नव्हतं.
"भरल्या पोटी उपाशी हुता," जैनबी म्हणाली,
"वजनाला हलका लागला तवाच वळखलं."

माझा कसा असेल?
माझ्या गाड्याचं पाणी गटारात,
गटाराचं जयंती नाल्यात, नाल्याचं पंचगंगेत,
आणि पंचगंगा तर कोकणाकडं पाठ करून निघते.
घाट उतरला की समुद्र, पण नाही,
ती वाडीला कृष्णेच्या गळ्यात पडते
आणि तेलुगू मुलखात जाऊन कुठंतरी खारट होते.
हा मासा मालवणचा. तो समुद्र वेगळा.
सुटले, म्हटलं.

आणि म्हणता म्हणताच आठवली
मे महिन्यातली तारकर्ली.
भाऊ, भावजय, पोरं, स्टोव्ह, पातेलं.
चहा मीच केला.
वाळूत उकिडवी बसून
चार पिशव्या दातानं फोडल्या
आणि समुद्राच्या तोंडावर थुंकले.

जैनबीचा भाचा मुनीर, गाडी तोच आणतो.
देवबागच्या कासवाचं त्यानं सांगितलं.
मादी होती. अंडी घालायला आली असेल म्हणून
लोक वाट देऊन उभे, मोबाईलचे दिवे विझवून.
तिनं खड्डा खणलाच नाही.
तोंडातून पिशवीचं शेपूट लोंबत होतं,
वारा आला की फुगायचं, गेला की मिटायचं.
"पिशवीच श्वास घेत हुती, मावशी. कासव न्हाई."
चहा त्यानं अर्धा ठेवला, पैसे पुरे दिले.
उठता उठता म्हणाला,
तेलुगू किनाऱ्यावरबी येत्यात की कासवं.

आता मी कात्रीनं चीर देते,
कोपरा पिशवीलाच लोंबता ठेवते.
दात मात्र ऐकत नाहीत.
तोंडात आलेला तुकडा बरणीत टाकते,
पूर्वी तिच्यात खारी असायची.
गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध
म्हशीखालून थेट पेल्यात येतं,
त्याचा फेस कुणाच्या नरड्यात अडकत नाही.
माझ्या चहाला ते परवडत नाही.

महिन्याभरात बरणी गळ्याशी आली.
काल एक बाई सुट्टे मोजत उभी,
कडेवर दीड वर्षाचं पोर.
झाकण उघडंच राहिलं होतं.
पोरानं हात घातला, मूठ भरली,
पांढरं, चकाकतं,
आणि तोंडाकडं नेली.
मी मनगट धरलं. एकेक बोट सोडवलं.
पोर असं किंचाळलं
की जैनबीनं कोयता खाली ठेवला.